रात्रभर जळणारा दिवा आणि जनावराचा केस

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली होती: घरात, गोठ्यात किंवा रस्त्यावर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचा जनावरांच्या केसांवर आणि कातडीवर काही परिणाम होतो का? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न : आम्ही लोकमान्यनगरात पहिल्या मजल्यावर राहतो. समोर मोठे दुकान सुरू झाल्यापासून त्याच्या एलईडीच्या पाटीचा पांढरा झगझगीत उजेड रात्रभर आमच्या बैठकीत येतो आणि आमचा पाच वर्षांचा लॅब्राडोर तिथेच झोपतो. पूर्वी त्याचे केस उन्हाळ्याच्या तोंडी आणि दिवाळीच्या सुमारास गळत. आता बारा महिने गळतात. एका नातलगांचे म्हणणे असे की एलईडीच्या किरणांनी केसांची मुळे भाजतात. हे खरे आहे काय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नातलगांनी सांगितलेले कारण चुकीचे आहे, पण दिव्यावर त्यांनी घेतलेला संशय अगदीच निराधार नाही. पाटीच्या उजेडाने केसांची मुळे भाजत नाहीत. अंगावर पडलेल्या त्या उजेडाचे केसाला काही सोयरसुतकही नसते. जो काही परिणाम होतो तो डोळ्यांच्या वाटेने होतो.

सस्तन प्राण्यांच्या डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र उमटवण्यापेक्षा बाहेर उजेड आहे की अंधार, हे मेंदूला कळवण्याचे काम प्रामुख्याने करतात आणि निळसर प्रकाशाला, म्हणजे सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, त्या सर्वाधिक दाद देतात. पांढऱ्या एलईडीत हा निळा भाग भरपूर असतो. ही बातमी मेंदूतल्या घड्याळाला आणि तिथून पीनिअल नावाच्या लहानशा ग्रंथीला पोचते. ही ग्रंथी अंधार असेतोवरच मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र मोठी असेल तर ते अधिक तास स्रवते, लहान असेल तर कमी तास; आणि त्या तासांवरूनच शरीराला ऋतू कळतो. दिवस मोठे होऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि हिवाळ्यातली दाट लव झडू लागते. दिवस लहान झाले की प्रोलॅक्टिन उतरते व आतली लव पुन्हा भरते. मार्च-एप्रिलमध्ये कुत्र्याच्या अंगावरून मूठमूठ केस निघतात त्यामागे उष्णतेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, वाढत्या दिवसाचा हात असतो.

या मेलॅटोनिनचा शोध १९५८ मध्ये लागला तो एका त्वचारोगतज्ज्ञामुळे, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील एरन लर्नर हे माणसाच्या कातडीच्या रंगाचा अभ्यास करीत होते. पीनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकट होते हे १९१७ पासून माहीत होते. गाईबैलांच्या पीनिअल ग्रंथी मोठ्या संख्येने गोळा करून लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला तो पदार्थ वेगळा केला. माणसाच्या कोडावर त्याचा उपयोग झाला नाही, पण जनावरांच्या केसांचे कोडे उलगडायला मोठी मदत झाली. उजेडाचे तास बदलून केस बदलता येतात हे त्याआधीच दिसून आले होते: बिसोनेट आणि बेली या अमेरिकन संशोधकांनी १९४४ मध्ये विझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान शिकारी प्राण्यांना केवळ दिव्यांचे तास कमीजास्त करून अवेळी पांढऱ्याचे तपकिरी आणि तपकिरीचे पांढरे करून दाखवले होते.

आता आपल्या इंदूरचा हिशोब पाहू. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित उत्तरेकडून जाते, त्यामुळे आपल्याकडे दिवस फारसा लहानमोठा होत नाही. जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा, म्हणजे फरक पावणेतीन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास असतो. आपल्या जनावरांना ऋतू ओळखायचा तो या जेमतेम पावणेतीन तासांवरून. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपल्या घरात अकरापर्यंत दिवे असतात. इथेच पाच तासांची भर पडली. त्यावर दुकानाची पाटी रात्रभर पेटलेली असेल तर कुत्र्याच्या डोळ्यांना हिवाळा असा कळणारच नाही. मग केस ठरावीक वेळी एकदम न गळता वर्षभर थोडेथोडे गळत राहतात. सदैव घरात वावरणाऱ्या, पंखा, कूलर आणि हीटर यांच्यात वाढलेल्या कुत्र्यांत हे सर्रास दिसते. तो रोग नव्हे. सोफ्यावर मात्र त्याचा ताप होतो.

इथे कोणी म्हणेल की सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली कुत्री रात्री दोनपर्यंत दिव्यांच्या लखलखाटात जिलबीच्या कढयांभोवती फिरतात, ती का टकली होत नाहीत? एक तर वर्षभर केस गळणे आणि टक्कल पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरे असे की ती कुत्री पोट भरले की एखाद्या ओट्याखाली किंवा अंधाऱ्या बोळात जाऊन पडतात. आपल्या लॅब्राडोरला ती मुभा नाही. आणि त्यांच्यातली जी टकली दिसतात ती बहुधा खरजेने झालेली असतात.

म्हणूनच पाटीला दोष देण्यापूर्वी कुत्र्याची कातडी नीट पाहावी. शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून बारीक दातांची फणी फिरवा व फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजेच पचलेले रक्त आहे. दोष पाटीचा नसून पिसवांचा आहे. खाज असेल, खपल्या असतील, गोल चट्टे असतील किंवा वास येत असेल तर खरूज, बुरशी किंवा जिवाणू यांचा शोध घ्यायला हवा आणि त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. खाज मुळीच नाही, पण दोन्ही कुशींवर सारखेच टक्कल आहे, कुत्रा सुस्त आणि जाड झाला आहे, असे असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

एक विकार मात्र खरोखरच उजेडाशी जोडलेला मानला जातो. बॉक्सर, बुलडॉग, एअरडेल अशा जातींत हिवाळ्याच्या सुमारास शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंना टक्कल पडते, उघडी कातडी काळवंडते, खाज नसते आणि काही महिन्यांनी केस आपोआप परततात. पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा तेच. उत्तरेकडच्या देशांत, जिथे हिवाळ्यातले दिवस फारच लहान असतात, तिथे हा विकार अधिक आढळतो. त्यावर पशुवैद्यक मेलॅटोनिन देतात. माणसांसाठीच्या मेलॅटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण चघळायच्या काही गोळ्यांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यासाठी विष आहे.

आपल्या कुत्र्याची कातडी स्वच्छ आणि केस सर्वत्र सारखे असतील तर उपाय साधा आहे. त्याचे अंथरूण आतल्या खोलीत हलवा किंवा खिडकीला जाड पडदा लावा, आणि रात्री आठ-नऊ तास सलग अंधार मिळेल असे पाहा. केसांचे चक्र मंद असते; फरक पडलाच तर तो दोन-तीन महिन्यांनी दिसेल. लॅब्राडोर ही जात मुळातच केस गाळणारी असल्यामुळे सोफा पूर्ण स्वच्छ राहील, अशी आशा मी आपल्याला देऊ शकत नाही.

प्रश्न : राऊजवळ आमचा गोठा आहे, संकरित होल्स्टीन गाई आणि दोन माळवी गाई आहेत. चोरीच्या भीतीने आम्ही चार मोठे एलईडी रात्रभर लावून ठेवतो. दिव्यामुळे दूध वाढते असे एकजण सांगतो, तर दिव्यामुळे कातडी खराब होते असे दुसरा सांगतो. काय समजावे? (एक पशुपालक)

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते अर्धे-अर्धे जोडले तरी रात्रभर दिवे ठेवण्याचे समर्थन होत नाही.

दुधाचे आधी घेऊ. दुभत्या होल्स्टीन गाईंना रोज १६ ते १८ तास चांगला उजेड आणि उरलेले ६ ते ८ तास सलग अंधार दिला तर दूध दिवसाला सरासरी दोन-अडीच किलोने वाढते, असे अमेरिकेतील गोठ्यांत वारंवार आढळले आहे. त्यासाठी गाईच्या डोळ्याच्या पातळीवर १५० ते २०० लक्स उजेड लागतो, म्हणजे आपल्या बैठकीत संध्याकाळी असतो साधारण तितका. आपल्या उन्हात आणि आपल्या चाऱ्यावर तेवढीच वाढ मिळेल, अशी हमी मी देणार नाही. पण खरी मेख पुढे आहे: चोवीस तास उजेड ठेवला की हा फायदा टिकत नाही, कारण अंधारच नसेल तर मेलॅटोनिनचे चढउतार उरत नाहीत आणि शरीराला दिवस मोठा झाल्याचेही कळत नाही. शिवाय आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी दूध काढणे बंद केलेल्या, गाईचे गणित नेमके उलटे आहे. व्यायला दोन महिने उरले असताना तिला रोज आठ तासच उजेड आणि सोळा तास अंधार मिळाला तर पुढच्या वेतात ती अधिक दूध देते. आपल्या गोठ्यात दुभत्या आणि आटवलेल्या गाई एकाच दिव्याखाली बांधलेल्या असणार. त्या वेगळ्या करता आल्या तर पाहावे.

आता केस. गाईचा केस उन्हाथंडीपेक्षा उजेडाचे तास अधिक मानतो, हे येट्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. कृत्रिम उजेडाने ऋतू उलटे केले तेव्हा बाहेरची हवा काहीही असली तरी गाईंनी केस दिव्यांच्या पंचांगाप्रमाणेच बदलले. याचा आपल्याला उपयोग असा की फाल्गुनात संकरित गाईच्या अंगावर हिवाळ्याचा राठ केस तसाच राहिला तर वैशाखात तिला धाप लागते, आणि मोठ्या दिवसांचा उजेड मिळाला तर तो केस लवकर झडून अंग गुळगुळीत होते. माळवी गाईचा केस बारमाही आखूड आणि चकचकीत असल्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ज्या मातीत ती घडली तिथले ऊन ती ओळखून आहे.

कातडी खराब होते ती दिव्याने नव्हे, दिव्यावर येणाऱ्या किड्यांनी. पावसाळ्यात आपल्या दिव्याखाली जाऊन उभे राहा आणि जवळच्या गाईच्या पोटाखालचा भाग, कास आणि कानाची आतली बाजू हाताने चाचपून पाहा. डासांच्या आणि चिलटांहून लहान अशा चावऱ्या माश्यांच्या दंशांनी तिथे बारीक गाठी, खपल्या आणि पुढे जाड झालेली खरखरीत कातडी लागेल. गाय रात्रभर शेपूट आपटते आणि खांबाला अंग घासते, त्यामुळे केस तुटतात. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने देशभर गाई गेल्या. तो रोग पसरवण्यात चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचाच मोठा वाटा होता. दिव्याने किडे गोठ्यात बोलावून घेणे म्हणजे घरचेच दार उघडून देणे होय.

म्हणून दिवे गाईंच्या डोक्यावर न ठेवता गोठ्यापासून दूर, कुंपणाकडे तोंड करून लावावेत. ते पांढऱ्याऐवजी पिवळसर असावेत आणि शक्य असेल तर हालचाल झाल्यावरच लागणारे घ्यावेत. रात्री गाय विणार असेल किंवा आजारी असेल तर मंद लाल दिवा वापरावा. लाल उजेड तिच्या घड्याळाला फारसा ढवळत नाही आणि आपल्याला पुरेसे दिसते.

प्रश्न : घरात एक पांढरी मांजर आहे आणि एक काळा बोका. पांढरीच्या कानांच्या टोकांना खपल्या धरतात आणि काळ्याचा रंग तांबूस पडू लागला आहे. नवीन एलईडी ट्यूबमधून अल्ट्राव्हायोलेट किरण येत असतील का? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : नाही. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या प्रकाशाचा दिवा आणि त्यावर पिवळ्या पदार्थाचा थर. त्यातून अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ येतच नाही. जुन्या ट्यूबच्या आत पाऱ्याच्या वाफेमुळे ते तयार होत असे, पण काचेने आणि आतल्या लेपाने बहुतांश अडवले जाई. अपवाद जंतुनाशक अल्ट्राव्हायोलेट दिव्यांचा. करोनाच्या काळात घेतलेला तसा दिवा अजून घरात असेल तर त्याच्या उजेडात मांजर, मूल, कोणीही असू नये. काही मिनिटांतच डोळे आणि कातडी भाजते.

पांढऱ्या मांजरीच्या कानांचा गुन्हेगार आपल्या गच्चीवरचे ऊन आहे. कानाच्या टोकांना केस विरळ आणि रंगद्रव्य नाही, अशा ठिकाणी वर्षानुवर्षे ऊन लागत राहिले की आधी लाली, मग खपली, मग न भरणारी जखम आणि शेवटी कर्करोग असा क्रम असतो. खपली महिन्याभरात बरी होत नसेल तर वाट पाहू नका. दुपारी अकरा ते चार तिला घरात ठेवा. माणसांचे सनस्क्रीन मात्र लावू नका; मांजर ते चाटते आणि त्यातले काही घटक तिला विषारी आहेत.

काळ्या बोक्याच्या रंगाकडे पाहता मला पहिली शंका त्याच्या ताटाची येते. काळे रंगद्रव्य तयार व्हायला टायरोसिन आणि फिनाइलअलॅनिन ही अमिनो आम्ले पुरेशी लागतात. ती कमी पडली की काळे मांजर विटकरी दिसू लागते. पोळी-दूधावर वाढणाऱ्या मांजरांत, म्हणजे आपल्या बहुतेक घरांत, हे घडू शकते. मांस, मासळी किंवा अंडी हा मांजराचा खरा आहार आहे, मग घरच्यांची पथ्ये काहीही असोत. ड जीवनसत्त्वाचेही तेच: कुत्र्या-मांजरांच्या कातडीत उन्हाने ते पुरेसे तयार होत नाही, अन्नातूनच यावे लागते. त्यामुळे ‘अंगाला ऊन लागले म्हणजे झाले’ हा नियम त्यांना लागू नाही.

थंडीत ही मंडळी हॅलोजनच्या हीटरला चिकटून झोपत असतील तर तेवढे मात्र पाहा. रोज एकाच कुशीला मंद आंच लागत राहिली की त्या बाजूचे केस विरळ होतात आणि कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी पट्टे उमटतात. हा उजेडाचा नव्हे, उष्णतेचा परिणाम असतो.

प्रश्न : वरातीसाठी आमच्याकडे घोड्या आहेत. लग्नसराई ऐन थंडीत आणि नेमका तेव्हाच घोडीचा केस लांब व निस्तेज होतो. भादरून घेण्याशिवाय उपाय आहे काय? (एक व्यावसायिक, इंदूर)

उत्तर : आहे, आणि घोड्यांची पैदास करणारे तो फार वर्षांपासून करीत आले आहेत. सूर्य मावळण्याआधी पागेत चांगला दिवा लावायचा आणि नैसर्गिक दिवस धरून एकूण १६ तास उजेड होईल तेव्हा विझवायचा. पुढे पूर्ण अंधार. घोडीला लवकर माजावर आणण्यासाठी हे केले जाते आणि त्याबरोबर हिवाळ्याचा केसही लवकर झडतो. परदेशात आता घोड्याच्या एकाच डोळ्यावर निळा उजेड टाकणारे मुखवटेही मिळतात. केसांची सूत्रे डोळ्याच्या हाती असतात याचा याहून सरळ पुरावा नको. परिणाम दिसायला दोन-अडीच महिने लागतात, तेव्हा माघातल्या लग्नांसाठी कार्तिकातच सुरुवात हवी.

मात्र केस गेला की घोडी उघडी पडते. रात्री झूल घालावी, आणि रोजचा खरारा चुकवू नये. निस्तेजपणाचे निम्मे कारण बहुधा तिथेच सापडते. बाकीचे निम्मे जंतांत.

प्रश्न : अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या, म्हणजे रोषणाईच्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री आमच्या गल्लीतून पहाटेपर्यंत रोषणाई जाते. गाभण गाईच्या कातडीवर परिणाम होईल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : एका रात्रीने होत नाही. आवाजाने ती बिथरेल, त्याची काळजी घ्या.

प्रश्न : मुलासाठी ‘हिवाळ्यात पांढरा होणारा’ हॅम्स्टर घेतला. दोन हिवाळे गेले, तो करड्याचा करडाच आहे. दुकानदाराने फसवले का? (एक वाचक, महू)

उत्तर : कदाचित फसवलेही असेल, कारण या नावाखाली दिसायला तसेच असणारे दुसऱ्या जातींचे हॅम्स्टर विकले जातात. पण अस्सल सायबेरियन हॅम्स्टर असला तरी आपल्या घरात तो पांढरा होणे कठीणच. उजेडाचा दिवस सुमारे १३ तासांहून लहान असा दहा-बारा आठवडे सलग मिळाला तर तो रंग बदलतो. गंमत अशी की महूचा नैसर्गिक हिवाळा त्याला पुरेसा आहे. तिथे डिसेंबरचा दिवस पावणेअकरा तासांचाच असतो. आड येतो तो खोलीतला दिवा. जर्मनीत हॉफमन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की या हॅम्स्टरांना हिवाळ्यासारखी लांब रात्र दिली, पण त्या रात्रीत रोज अवघा एक मिनिट दिवा लावला, तरी त्यांचे शरीर उन्हाळाच असल्यासारखे वागते आणि केस करडेच राहतात. मुलगा रात्री पाणी प्यायला उठून खोलीतला दिवा लावत असेल, तर तेवढेही पुरे आहे.

त्याला पांढरा पाहायची हौसच असेल तर दिवाळीपासून पिंजरा अशा खोलीत ठेवा जिथे संध्याकाळनंतर कोणीच दिवा लावत नाही आणि रस्त्याचा उजेडही येत नाही; खिडकीतून दिवसाचा उजेड मात्र येऊ द्या. संध्याकाळचे दाणापाणी सूर्यास्तापूर्वी उरकून घ्या. काही हॅम्स्टर इतके करूनही रंग बदलत नाहीत. त्यांच्या घडणीतच ते नसते.